विचारलं तर सांगा: खानदेशातल्या नव्या विश्वासणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका तरुणाचा बाप्तिस्मा झाला. दुसऱ्याच आठवड्यात तो येशूबद्दलच्या दोनशे छापील पत्रिकांचा गठ्ठा घेऊन माझ्या गिरणीवर हजर. "काका, उद्या बाजारात वाटतो. तुम्ही येता का?" मी गठ्ठा त्याच्या हातातून घेतला, वरच्या फळीवर ठेवला आणि म्हटलं, "वर्षभर इथंच राहू दे. आधी बस."

त्याला त्या दिवशी आणि नंतर जे सांगितलं, ते इथं क्रमानं लिहून ठेवतो. खानदेशात नव्यानं विश्वासात आलेल्या किंवा बदलीनं, लग्नानं इकडे आलेल्या कुणालाही ते उपयोगी पडावं.

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे, बावीस वर्षं झाली. सुरुवातीला मीही पत्रिका वाटल्या. दळणाच्या प्रत्येक डब्यात, झाकण लावायच्या आधी, घडी करून एक टाकायचो. एकदा दुपारी वरच्या गल्लीतली एक म्हातारी माय परत आली. पदराच्या गाठीतून तिनं ती पत्रिका काढली. पीठ झटकून, घडी सरळ करून आणलेली. म्हणाली, "दादा, पीठमा तुना कागद पडी जायेल व्हता. कामना व्हई." तिला वाटलं, माझं विजेचं बिल असेल. शेजाऱ्याची वस्तू परत करायला ती भर उन्हात चालत आली होती, आणि मी तिच्या पिठात तिला न विचारता माझा कागद घातला होता. मी तिला पाणी दिलं, माफी मागितली. त्या संध्याकाळी उरलेल्या पत्रिका मंडळीत परत नेऊन दिल्या.

पहिली पायरी: उधारी फेडा, वजन सरळ करा

बोलायच्या आधी हिशेब. लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जकातदार जक्कय आठवा. येशू त्याच्या घरी आला, तेव्हा त्यानं काय केलं? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. त्याचं मन फिरल्याचं गावाला कळलं ते पैशांच्या व्यवहारातून. तुमचंही तसंच कळणार. किराणा दुकानातली तीन महिन्यांची बाकी, मेहुण्याकडून घेतलेले पाच हजार, सोसायटीचं थकलेलं कर्ज हे सगळं एका वहीत लिहा आणि थोडं थोडं का होईना, फेडायला लागा. दुकानदाराला कारण सांगायला जाऊ नका. फक्त पैसे द्या.

शेती असेल तर इथं जास्त वेळ थांबा. आपल्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बायांना किलोवर मजुरी मिळते. संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढतं, तेव्हा "ओला आहे" म्हणून दोन किलो कापायचे, आकडा सांगताना खालचा सांगायचा, हे किती ठिकाणी चालतं ते आपल्याला माहीत आहे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, असं बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात सांगितलंय. याकोबानं तर लिहिलंय की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत पोचतो. आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हातात पडलेल्या मजुरीचा त्या बाईला काय उपयोग? तेल-मीठ तर तिला बाजारातच घ्यायचं होतं. म्हणून काटा तिच्याकडे तोंड करून ठेवा, आकडा तिला मोठ्यानं वाचू द्या आणि पैसे तिथल्या तिथे द्या. भुईमूग उपटून झाल्यावर सरवा वेचायला येणाऱ्या बायापोरांनाही हाकलू नका. शेताच्या कडेचं पीक आणि सरवा गरिबांसाठी सोडा, अशी आज्ञा लेवीयाच्या १९व्या अध्यायात आहे. ती वाचताना मला नेहमी आपलीच शेतं दिसतात.

माझ्या गिरणीत मी एवढंच केलं: काटा माझ्या बाजूचा गिऱ्हाइकाच्या बाजूला फिरवला. दळण येताना एकदा वजन, जाताना एकदा. घट किती आली ते ज्याचं त्यानं बघावं.

घरात आधी

तुमच्याबद्दल पहिली साक्ष घरातली माणसं देतात, आणि ती तुम्हाला विचारून देत नाहीत. दारू सुटली, पण जेवताना आवाज तोच राहिला, तर बायको तुमच्या बाजूनं काय बोलणार?

नव्या विश्वासणाऱ्यांची घरातली बहुतेक भांडणं मी ताटावरून झालेली पाहिली आहेत. श्रावणात घरात कानबाई देवी बसते, तिचे रोट होतात, भाऊबंदकी जमते, आणि नवा विश्वासणारा सगळ्यांदेखत ताट बाजूला सारतो. आईचा चेहरा पडतो. तो चेहरा ती वीस वर्षं विसरत नाही. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात याबद्दल सांगितलंय: कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं निमूट खा, चौकशी करत बसू नका, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नका. प्रत्येक मंडळी हे थोडं वेगळं लावते. तुमच्या पाळकांशी बोलून घ्या. माझं मत मागाल तर, प्रसाद घ्यायचा नसेल तर आदल्या दिवशी आईला एकटीला गाठून सांगा: "माय, प्रसाद म्हणून मी घेणार नाही, पण तुझ्या हातची भाकर मला रोज पाहिजे." आणि त्या दिवशी पाहुण्यांसाठी पाणी भरा, सतरंज्या उचला, रात्री भांडी घासा. पूजेला हात न जोडणारा माणूस घरातल्या कामाला सगळ्यांच्या आधी उठतो, हे आईला दिसू द्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी येते. तिला आणायला तुम्हीच जा. मयतीला खांदा द्या. लग्नात वाढपाला उभे राहा. विश्वास बदलला म्हणून नातं सुटलं, असं गावानं कधी म्हणू नये.

बोली शिका

बाहेरून आला असाल तर हे टाळता येणार नाही. जळगाव-धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा पाटलांची बोली, नवापूरकडे मावची, सातपुड्यात पावरी आणि भिली. सहा महिन्यांत निदान "कसं काय शे, आबा?" एवढं तरी बिनचूक यावं. माणसाला आबा म्हणायचं, अप्पा, नाना की मामा, हेही ऐकून ऐकून शिका.

आपली मंडळीतली भाषा मात्र बाहेर नेऊ नका. तारण, नीतिमान, अभिषेक हे शब्द पारावर कुणाला कळत नाहीत. पंडिता रमाबाईंनी शेवटची कितीतरी वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली. साध्या बायाबापड्यांना वाचता यावं, समजावं, हा त्यांचा ध्यास होता. १९२२ साली त्या गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ साली छापून आलं. त्यांनी एवढं केलं, तर आपण निदान "पश्चात्ताप" ऐवजी "मन फिरलं" म्हणू शकतो.

दुसऱ्याच्या संतांना कमी लेखू नका, हेही बोलीइतकंच महत्त्वाचं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते उघड सांगायचे. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? त्या लगेच आल्या नाहीत. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानं त्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं. त्यांनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, मधे पाच वर्षं गेल्यावर. घरातलं कुणी अजून तुमच्यासोबत आलं नाही म्हणून घाईला आला असाल, तर ही पाच वर्षं ध्यानात ठेवा.

आपल्या धंद्यात एक गोष्ट निवडा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. सगळीकडे चांगलं वागायचं ठरवलं की कुठंच धड होत नाही. आपल्या रोजच्या कामातली एक गोष्ट निवडा, जी दुसऱ्याच्या मनाला फार जपते आणि जी करायला तुम्हाला थोडा त्रास पडतो. मग ती न चुकता करत राहा.

माझी गोष्ट उपवासाच्या पिठाची. आमचा तालुका वारकऱ्यांचा. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो, एकादशी घरोघर पाळली जाते. गिरणीत दिवसभर गहू, ज्वारी, आणि कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद एकत्र दळलं जातं. त्यावर कुणाची भगर दळली की आधीच्या उडदाचं पीठ तिच्यात उतरणारच. पूर्वी मी म्हणायचो, "चालतं हो माय, चिमूटभर तर असतं." एकदा एक बाई काही न बोलता डबा घेऊन गेली, आणि तिनं भगर घरी जुन्या जात्यावर दळली. तिचा हात त्या आठवड्यात दुखावलेला होता. फडकं बांधलेला तो हात मी पाहिला होता, तरी तिला तसंच जाऊ दिलं. रात्री प्रार्थनेला बसलो तर तोच हात डोळ्यांपुढे.

तेव्हापासून एकादशीच्या आणि नवरात्राच्या आदल्या दिवशी पहाटे गिरणी फक्त उपवासाच्या दळणासाठी असते. आदल्या रात्री दगड उघडतो, ब्रशनं खाचा झाडतो, हॉपर कोरड्या फडक्यानं पुसतो, पीठ पडतं ती कापडी नळी काढून धुतलेली दुसरी बांधतो. एवढं करूनही दगडाच्या खाचेत काही ना काही राहतंच. म्हणून पहिली ओंजळ माझ्या घरच्या भगरीची घालतो. ते पीठ कोंबड्यांना जातं. त्यानंतर पहिल्या बाईचा डबा. दर नेहमीचाच. पाटी लावलेली नाही, वचन लिहिलेलं नाही.

मी एकादशी करत नाही. पण शेजारणीचा उपवास माझ्या गिरणीमुळे मोडू नये, एवढी काळजी मला घेता येते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, या आज्ञेत शेजाऱ्यानं आधी माझ्यासारखं व्हावं अशी अट नाही.

तुमचं काम वेगळं असेल. रिक्षा चालवत असाल तर रात्रीच्या शेवटच्या एसटीनं उतरणाऱ्या बाईकडून दुप्पट भाडं घेऊ नका. शाळेत असाल तर ऊसतोडीला आईबापांबरोबर गुजरातेत गेलेलं नंदुरबारकडचं पोर चार महिन्यांनी परत आल्यावर त्याला शेवटच्या बाकावर टाकू नका. त्याचा बुडालेला अभ्यास शाळा सुटल्यावर घ्या. दवाखान्यात असाल तर आदिवासी बाईला "ए" म्हणून हाक मारू नका. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आहे. तुम्ही नर्स किंवा वॉर्डबॉय असाल तर तिथं जाऊन दोन दिवस नुसतं बघा, रुग्णाशी कसं बोलतात ते.

मदत करताना

ज्या दिवशी मदत केली, त्या दिवशी विश्वासाबद्दल अवाक्षर काढू नका. हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे आणि नव्या माणसाला तर हात जोडून सांगतो. आजारी माणूस, कर्जात बुडालेला माणूस, नुकतंच कुणी गेलंय असं घर, यांना नाही म्हणायची ताकद नसते. त्यांच्यासमोर त्या वेळी पुस्तक धरणं म्हणजे मदतीची किंमत मागणं. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका, असं प्रभूनं सांगितलं ते यासाठीच. फोटो काढू नका, ग्रुपवर टाकू नका.

आजाराबद्दल तर फार जपून. कुणी प्रार्थना करा म्हणालं तर जरूर करा, हळू आवाजात, दोन मिनिटं. पण "गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा" हे वाक्य तोंडातून कधीच निघता कामा नये. नंदुरबारच्या आदिवासी घरांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्या मुलांची औषधं, रक्ताची तपासणी आणि भरपूर पाणी पिणं थांबलं की जिवावर बेततं. साप, विंचू, कुत्रा चावला तर प्रार्थना गाडीत बसून करा, आणि गाडी सरकारी दवाखान्याकडे चालू द्या. दंशावर औषधोपचार घेण्यापासून माणसाला अडवणं आणि चमत्काराच्या नावाखाली फसवणं, हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते पाप होतंच.

धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात कुणाला न्यायचं असेल तर सोबत जा. केस पेपर कुठं काढतात, रक्त कुठं मिळतं, रात्री नातेवाइकांनी झोपायचं कुठं, हे एकदा शिकून घ्या. पुढं पन्नास घरांना ते कामाला येईल.

प्रश्न आला की

येईल तेव्हा येईल. मला पहिला प्रश्न उपवासाचं पीठ दळायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी आला. गळ्यात माळ असलेले एक आबा दादर ज्वारीचं पोतं उतरवत म्हणाले, "काय रे भाऊ, तुमना देव तुले उपासनं पीठ दळाले सांगस का?"

मी म्हटलं, "आबा, शेजारीवर सोतासारखी माया कर, आसं सांगस."

"बस इतलंच?"

"माले तरी तेच जड जास."

ते हसले, दळण घेतलं आणि गेले. मी मागं धावलो नाही. पुढचा प्रश्न आठ महिन्यांनी आला, आणि तो प्रार्थनेचा होता. त्यांची सून बाळंतपणात अडली होती. आज ते आबा मंडळीत येतात का? नाही. माळ घालतात, वारीला जातात, दळण माझ्याकडे आणतात. आमची मैत्री आहे आणि ती कशाच्याही बदल्यात नाही.

पेत्रानं पहिल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात नेमकं हेच सांगितलं: तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. त्यासाठी तयारी करा. रात्री आरशासमोर नाही, वहीत. तीन वाक्यं लिहा: मी आधी कसा होतो, येशूमुळे काय झालं, आज काय वेगळं आहे. मोठे शब्द काढून टाका. "मी रोज रात्री बायकोवर ओरडायचो. येशूची गोष्ट वाचली, लाज वाटली, माफी मागितली. अजून राग येतो, पण आता मी आधी उठून अंगणात जातो." एवढं पुरतं. विचारलं तेवढंच सांगा. येत नसेल तर "मला ठाऊक नाही, पाळकांना विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच विचारून सांगा.

पारावर वादाला कुणी ओढलं तर चहा पिऊन उठा. दुसऱ्याच्या देवाबद्दल वाकडा शब्द नको, गमतीतही नको. लहान मुलांशी, आईबापांच्या माघारी, धर्मावर बोलू नका.

कायदा आणि गावकी

संविधानाच्या कलम २५ नं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची हद्दही सांगितली: आपला विश्वास समजावून सांगता येतो, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून तालुक्याच्या वकिलांकडून आजची स्थिती समजून घ्या. पैसा, नोकरी, शाळेचा प्रवेश, लग्न यातलं काहीही विश्वासाशी जोडू नका. घरी प्रार्थना असेल तर दार उघडं ठेवा, स्पीकर नको. कुजबुज सुरू झालीच तर लपू नका. पोलीस पाटील आणि सरपंच यांना स्वतः भेटा, काय करतो ते सांगा, बसायला बोलवा.

नवापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेली घरं खूप आहेत, तिथं हे सोपं जातं. जळगावकडच्या एखाद्या गावात तुमचं एकच घर असेल. एकटे असाल तर आठवड्यातून एकदा तरी मंडळीत जाऊन बसा, तुमचं मन कुणाला तरी सांगा.

नाताळ

शेजाऱ्यांच्या दिवाळीला गेला असाल तरच ते तुमच्या नाताळला येतील. करंज्या, शेव, चिवडा करा. ज्या शेजारणीच्या घरून अधिक मासात, आखाजीला डबा आला असेल, तिचा डबा भरून परत पाठवा. घरी आलेल्यांना भाषण ऐकवू नका. मुलांना दोन गाणी म्हणू द्या, मग जेवायला वाढा.

वाचायला मागितलं तर

कुणीतरी एक दिवस म्हणेल, "तुमचं ते पुस्तक दाखवा." अख्खं जाडजूड पवित्र शास्त्र हातात देऊ नका. लूकचं शुभवर्तमान सुटं मिळतं, तेवढंच द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, पण त्यांच्या घरी, त्यांच्या वेळेला, घरातल्यांना माहीत असताना. पहिल्या बैठकीला १५वा अध्याय: हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, घर सोडून गेलेला मुलगा. नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई आपल्याकडच्या प्रत्येक मायला लगेच ओळखू येते. वाचून झालं की अर्थ सांगायची घाई करू नका. त्या काय म्हणतात ते ऐका. त्यांनी विषय बदलला तर तुम्हीही बदला. कापसाचा भाव विचारा, नातवाची चौकशी करा. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः बोलावलं, तर १०वा अध्याय काढा, चांगल्या शोमरोनी शेजाऱ्याच्या गोष्टीचा.